बॅकअप आहे, पण मशीन उठेना: मोंढ्यातला सीपीयू इमेजवरून परत कसा उभा करायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. उदगीरच्या मोंढ्यात वडिलांची अडत आहे. गादीशेजारी असेंबल केलेला सीपीयू, त्यात विंडोज १० आणि ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. सोमवारी सकाळी चालू केला तर काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच आलं. दिवाळीत तुम्ही स्वतः एक्स्टर्नल डिस्कवर पूर्ण सिस्टीमची इमेज (विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब नकल) घेतली होती आणि टॅलीचा बॅकअप दर शनिवारी पेनड्राइव्हवर जातो. गावातला दुरुस्तीवाला मुलगा म्हणतो, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, दोन तासांत देतो." बॅकअप असताना फॉरमॅट कशाला, असा तुमचा सवाल आहे. शिवाय तुरीची आवक सुरू आहे, दुकान थांबवता येत नाही.

फॉरमॅट मारू देऊ नका. नवीन विंडोज टाकायचंच झालं तरी त्या जुन्या डिस्कवर अजिबात नको. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची, नवी डिस्क लावायची आणि दिवाळीची इमेज त्या नव्या डिस्कवर उतरवायची. कारण साधं आहे. इमेज दिवाळीची आहे. त्यानंतर महिनोन् महिने शेतकऱ्यांना मालाच्या पट्ट्या फाडून दिल्या, काट्याच्या नोंदी झाल्या, एक्सेलमध्ये उधारी चढली, शेतकऱ्यांची कागदपत्रं स्कॅन झाली. टॅलीतलं शनिवारपर्यंतचं पेनड्राइव्हवर आहे, पण बाकीचं? ते अजूनही फक्त त्या रुसलेल्या डिस्कवरच आहे. तिच्यावर एकदा विंडोज चढवलं की खालचं पुसलं गेलंच म्हणून समजा. दुरुस्तीवाल्या मुलाचा दोष नाही, त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे बॅकअपच नसतो, म्हणून त्याचा हात फॉरमॅटकडे जातो.

इमेज आणि नुसता फाइलींचा बॅकअप यांत काय फरक आहे, ते आमच्या परभणीतल्या एका लग्नपत्रिकावाल्याचं उदाहरण देऊन सांगतो. त्यानं वर्षानुवर्षं सगळ्या फाइली दोन-दोन ठिकाणी नीट जपल्या होत्या. मशीन बसलं, कुणीतरी फॉरमॅट मारून दिलं, फाइली परत टाकल्या. सगळ्या उघडल्या, पण 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्क्यांच्या खुणा. त्याचं सगळं काम युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमधलं होतं. फाँट गेले, कीबोर्डचा लेआउट गेला, जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल होतं पण त्याचा ड्रायव्हर नव्हता. ऐन लग्नसराईत माणूस आठ दिवस सीडी शोधत फिरला. इमेज असती तर विंडोज, फाँट, प्रिंटरचा ड्रायव्हर, ब्राउझरमधले पासवर्ड, डेस्कटॉपवरच्या आयकॉनची जागासुद्धा जशीच्या तशी आली असती. तुमच्याकडे ती आहे. तुमच्या काटापट्टीच्या एक्सेलमध्ये जुने मराठी फाँट असतील तर हे तुम्हाला जास्तच लागू पडतं.

आता डिस्कच गेली आहे याची आधी खात्री करून घ्या. मी बावीस वर्षं हे काम करतोय. 'हार्डडिस्क उडाली' म्हणून काउंटरवर ठेवलेल्या सीपीयूंपैकी बऱ्याच जणांची डिस्क ठणठणीत निघते. कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवरचा गोल चपटा सेल बघा. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो मेला की मशीन वीज गेल्यावर सगळं विसरतं. तारीख मागे जाते आणि बायोसची (मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंगं कंपनीनं दिली तशी होतात. डिस्क ज्या पद्धतीनं जोडायची ती पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाऊ शकते, बूट करण्याचा क्रम बदलतो, आणि चांगली डिस्क असूनही विंडोज उठत नाही. दोन दिवस वीज नव्हती, यूपीएसही उतरला, आणि सोमवारी मशीन बंद, अशी हकीकत असेल तर माझा पहिला संशय सेलवर. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि तारीख बघा. ती २०१४ किंवा तत्सम दाखवत असेल तर सेल बदला, तारीख लावा, साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत एएचसीआय करा (पूर्वी आयडीईच होती असं नक्की माहीत असेल तर आयडीई ठेवा) आणि पुन्हा चालू करून बघा.

तारीख बरोबर असेल तर त्याच पडद्यावर डिस्कचं नाव दिसतं का बघा. नाव दिसत नसेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, डिस्कची साटा केबल दोन्ही टोकांनी काढून परत लावा. दुसरी केबल असेल तर ती लावा. एसएमपीएसमधून (सीपीयूतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारी पॉवरची पिनही बदलून बघा. मोंढ्यातली धूळ साधी नसते, तुरीचा भुसा केबलच्या टोकात जाऊन बसलेला मी स्वतः ब्रशनं काढलाय. एवढं करूनही नाव येत नसेल, किंवा कानाशी धरल्यावर डिस्कमधून टक्-टक्-टक् असा ठराविक अंतरानं आवाज येत असेल, तर ती गेली. टक्-टक् करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून 'एकदा लागतेय का बघू' हा खेळ करू नका. आत वाचणारं डोकं जागा न सापडून मागेपुढे आपटत असतं, प्रत्येक वेळी डेटा खरवडला जायचा धोका असतो.

नाव दिसतंय, आवाज नाही, तरीही बूट होत नाही, असं असेल तर डिस्क आजारी आहे किंवा नुसतं बूटचं पार्टिशन (विंडोज सुरू करणारा डिस्कचा कप्पा) बिघडलंय. तरीही माझा सल्ला तोच, नवी डिस्क.

आणि इथेच नेहमीचा घोळ होतो. तुमची जुनी डिस्क ५०० जीबीची आहे. दुकानात गेलात की दुकानदार ४८० जीबीची एसएसडी (फिरत्या प्लेटऐवजी चिप असलेली नवी डिस्क) काढून देईल आणि म्हणेल, "एकच आहे ओ, वीस जीबीनं काय होतंय." विंडोजच्या स्वतःच्या इमेज रिकव्हरीला वीस जीबीनं फार काही होतं. मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ती इमेज उतरवतच नाही, आत डेटा फक्त ऐंशी जीबी असला तरी. तासभर सगळी जुळवाजुळव करून शेवटी 'सिस्टीम डिस्कसाठी वापरता येईल अशी डिस्क सापडली नाही' या अर्थाची ओळ येते आणि माणूस समजतो की बॅकअपच खराब आहे. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, ४८०ची ४४७ दिसते, ५१२ची सुमारे ४७६ दिसते. म्हणजे तुम्हाला ५१२ किंवा त्याहून मोठी हवी. एक टीबीची घेतली तरी चालेल, उरलेली जागा मोकळी राहते, नंतर विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंट या साधनातून वापरात आणता येते. व्हीम किंवा हसलिओसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरनं घेतलेली इमेज लहान डिस्कवर पार्टिशन आवळून उतरवता येते, पण तुमची विंडोजचीच आहे, तेव्हा तो विषय इथे नाही.

इमेज विंडोजचीच कशी ओळखायची? एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या चालू मशीनला लावा. आत 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचं फोल्डर दिसलं पाहिजे आणि त्याच्या आत तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाचं दुसरं फोल्डर. हे फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर हवं. आवराआवर म्हणून कुणी ते 'दुकान बॅकअप' अशा एखाद्या फोल्डरच्या पोटात टाकलं असेल किंवा नावापुढे 'दिवाळी' लिहिलं असेल, तर रिकव्हरीला ते दिसणारच नाही. परत मूळ जागी, मूळ नावानं ठेवा. आत 'व्हीएचडीएक्स' प्रकारच्या मोठ्या फाइली असतील. एक बरं आहे, या फाइली म्हणजे डिस्कवरच्या एकेका पार्टिशनच्या नकलाच. पुढे रिकव्हरी काही केल्या झाली नाही, तरी दुसऱ्या विंडोज मशीनच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'अटॅच व्हीएचडी' करायचं, 'रीड ओन्ली'वर खूण करायची, की ती नकल एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते आणि आतली एकेक फाइल उचलता येते. म्हणजे इमेज धड असेल तर सगळं बुडालं असं होत नाही.

आता बूट करायचा पेनड्राइव्ह. तुमच्याकडे रिकव्हरी ड्राइव्ह आधी केलेला नाही असं दिसतं. हरकत नाही, तो कुठल्याही चालू विंडोज मशीनवर करता येतो. भाच्याचा लॅपटॉप चालेल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १०चं मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा आणि ६४ बिटची निवड करा. इमेज ६४ बिट विंडोजची असेल तर पेनड्राइव्हही ६४ बिटच हवा. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही आहे ते सगळं पुसलं जातं, म्हणून टॅलीच्या बॅकअपचा पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नका! हसू नका, हे झालेलं आहे. घाईत समोर असतो तोच पेनड्राइव्ह हातात येतो. टॅलीवाल्या पेनड्राइव्हला आत्ताच लाल दोरा बांधून गल्ल्यात टाका. डाउनलोड काही जीबीचं असतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करायचं तर रात्री लावा.

सगळं जमलं की सीपीयू उघडून जुनी डिस्क काढा, नवी एसएसडी त्याच साटा केबलला लावा. आणि आत दुसरी कुठलीही डिस्क असेल तर तिचीही केबल काढा.

या शेवटच्या वाक्यासाठी मी एकदा मोजून किंमत दिली आहे. एका फोटो स्टुडिओचं मशीन होतं. आत दोन डिस्क, एकीवर विंडोज, दुसरीवर लग्नांचे फोटो. विंडोजची डिस्क गेली, माझ्याकडे इमेज होती, मी मोठ्या ऐटीत रिकव्हरी लावली. त्यात एक खूण असते, 'फॉरमॅट अँड रिपार्टिशन डिस्क्स'. ती सगळ्या डिस्कना लागू होते, नुसत्या नव्या डिस्कला नाही. शेजारीच 'एक्सक्लूड डिस्क्स' असं बटण असतं, जी डिस्क वाचवायची ती तिथे निवडायची. मी ते दाबलं नाही. मशीन झकास उठलं आणि फोटोंची डिस्क कोरी. पुढे चार रात्री फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर लावून बसलो. त्यानं बरेच फोटो काढून दिले, पण फाइलींची नावं गेलेली. हजारो फोटो, कुठली हळद कुठल्या लग्नाची हे नवरीच्या चेहऱ्यावरून ओळखत मी आणि स्टुडिओवाला पहाटेपर्यंत फोल्डर करत होतो. तेव्हापासून रिकव्हरी करताना नवी डिस्क आणि बॅकअपची डिस्क सोडून आत तिसरं काही ठेवत नाही. बटणं विसरता येतात, काढून ठेवलेली केबल विसरली तरी काही बिघडत नाही.

सुरू करण्यापूर्वी यूपीएस तपासा. मशीन चालू असताना भिंतीचा प्लग ओढा. यूपीएस लगेच कोसळला तर त्याची बॅटरी गेलेली आहे, शेजाऱ्याचा उसना आणा. इमेज अर्धी उतरलेली असताना वीज गेली तर नव्या डिस्कचं नुकसान होत नाही, पण पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून हे काम करू नये.

पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क दोन्ही सीपीयूच्या मागच्या पोर्टना लावा, पुढच्यांना नको, असेंबल मशीनमध्ये पुढच्या पोर्टची जोडणी बऱ्याचदा सैल असते. बॅकअपची डिस्क निळ्या पोर्टला. तो यूएसबी ३चा असतो. काळ्यावरही काम होतं, पण शंभरएक जीबीला तासभर किंवा जास्तच लागतो. चालू करताच बूट मेनूची की दाबत राहा. गिगाबाइटच्या बोर्डला एफ१२, असूसला एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकला एफ११.

मेनू आला की बारकाईनं बघा. एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसत्या नावानं आणि एकदा नावापुढे 'यूईएफआय' (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) लागून. दोन्ही एकच वाटतात, तसं नाही. तुमचं जुनं विंडोज ज्या पद्धतीनं टाकलेलं होतं त्याच पद्धतीनं पेनड्राइव्ह बूट झाला पाहिजे. जुनं विंडोज बायोस पद्धतीचं आणि पेनड्राइव्ह यूईएफआयनं उठवलेला, असं झालं की रिकव्हरी शेवटी 'वेगळ्या फर्मवेअरच्या कॉम्प्युटरवर इमेज उतरवता येत नाही' असं सांगून थांबते. ओळखायची खूण अशी: बॅकअपच्या फोल्डरमध्ये 'ईएसपी' नावाची छोटी व्हीएचडीएक्स फाइल असेल तर जुनं विंडोज यूईएफआयचं. नसेल तर बहुधा बायोसचं, आणि तुमच्या मशीनचं वय बघता मला तीच शक्यता जास्त वाटते. मग मेनूतलं नुसत्या नावाचं पेनड्राइव्ह निवडा. चुकलं तर घाबरू नका, बंद करून दुसरं निवडा, एवढंच.

पेनड्राइव्हवरून उठल्यावर भाषेचा पडदा येतो, पुढे जा. आता मोठ्या अक्षरात 'इन्स्टॉल नाऊ' दिसेल. त्याला हात लावायचा नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' असतं, ते दाबा. मग 'ट्रबलशूट', आणि त्यात 'सिस्टीम इमेज रिकव्हरी'. ते बॅकअपची डिस्क स्वतः शोधतं आणि सर्वांत ताज्या इमेजची तारीख दाखवतं. दिवाळीची तारीख दिसली की निम्मी लढाई झाली. तारीख दिसली नाही तर फोल्डरच्या जागेचं वर सांगितलेलं पुन्हा तपासा, पोर्ट बदला आणि पुन्हा शोधायला लावा. पुढच्या पडद्यावर फॉरमॅटची ती खूण असेल. कोऱ्या डिस्कवर ती बहुधा आपोआप लागलेली असते. आत दुसरी डिस्क नाही हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा पुढे जा आणि शेवटच्या इशाऱ्याला 'यस' म्हणा.

हिरवी पट्टी सरकायला लागेल. ती मधेच एका जागी दहा मिनिटं थांबते. बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर काम चालू आहे, बटण दाबू नका. चहा घ्या. मी या वेळात गिऱ्हाइकाला मशीनसमोरून उठवतो, कारण थांबलेली पट्टी बघून पाचव्या मिनिटाला "सर, हँग झालंय का?" सुरू होतं.

झालं की मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. त्या क्षणी पेनड्राइव्ह काढा, नाहीतर ते पुन्हा त्याच्यावरूनच उठेल. बहुतेक वेळा इथेच तुमचा दिवाळीचा डेस्कटॉप समोर येतो. आला नाही, पुन्हा 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, तर बायोसमध्ये जाऊन नवी एसएसडी बूटच्या क्रमात पहिली आहे का बघा. निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर साटाची पद्धत एएचसीआय की आयडीई, ती उलटी करून बघा. तरीही नाही तर पेनड्राइव्हवरून पुन्हा 'स्टार्टअप रिपेअर' चालवा, एकदा नाही जमलं तर दोनदा. त्यापुढे कमांड प्रॉम्प्ट आणि बीसीडीबूटचं (बूटच्या फाइली नव्यानं बसवणाऱ्या आज्ञेचं) काम येतं. तिथे पेनड्राइव्हवरून उठल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, रोजचा सी तिथे डी किंवा ई असू शकतो, म्हणून आधी प्रत्येक अक्षराखाली विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघूनच आज्ञा द्यायची. तिथवर गेलात तर पडद्याचा फोटो काढून दाखवा, आंधळेपणानं आज्ञा टाइप करू नका.

लॅपटॉपवाले हे वाचत असतील तर दोनच गोष्टी. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्हवरून उठल्यावर आतली एसएसडी दिसतच नाही असं होतं, तेव्हा ती मेली असं समजू नका. इंटेलच्या व्हीएमडीचा (एसएसडी हाताळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'इन्स्टॉल ड्रायव्हर्स'मधून तो द्यावा लागतो. दुसरं, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर जुन्या डिस्कमधलं काही काढायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मशीन बिघडायच्या आधीच शोधून वहीत लिहून ठेवलेली बरी.

आता मधल्या महिन्यांचं अंतर. दुकान दिवाळीत जाऊन पोचलंय, टॅली उघडाल तर त्यात सोयाबीनच्याच पट्ट्या दिसतील. टॅली आधी कदाचित लायसन पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगेल. सिरीअल नंबर आणि नोंदवलेला ईमेल-पासवर्ड हाताशी ठेवा. मग लाल दोऱ्याच्या पेनड्राइव्हवरचा शनिवारचा बॅकअप रिस्टोअर करा, पण चालू डेटाच्या फोल्डरवर नाही. 'तपासणी' अशा नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात. कंपनी उघडा, डे बुकमध्ये शेवटची तारीख बघा आणि शेवटचे पाच-सहा व्हाउचर हातातल्या पट्टीबुकाशी नंबर टू नंबर ताडून बघा. जुळले तर तोच डेटा पुढे चालू ठेवा. बॅकअप मधेच तुटलेला निघाला तर त्याच्या आदल्या शनिवारचा घ्या. म्हणूनच शनिवारचे बॅकअप एकावर एक न लिहिता तारखेच्या फोल्डरात ठेवायचे असतात. शनिवारनंतरच्या पट्ट्या कागदावरून भरा. मोंढ्यात कागद अजून जिवंत आहे हे आपलं नशीब. हे ११ तारखेच्या आत उरका, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) दर महिन्याला भरत असाल तर.

एक्सेल आणि स्कॅनसाठी जुनी डिस्क लागेल. ती आवाज करत नसेल तर यूएसबी-साटा ॲडॉप्टर घेऊन चालू मशीनला बाहेरून जोडा. विंडोज विचारेल, 'डिस्कमध्ये दोष आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का?' नाही म्हणा. हे विंडोजचं चेकडिस्क दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे आजारी माणसाला पोतं उचलायला लावणं. 'फॉरमॅट करायची आहे' असं विचारलं तर तेही नाही. सरळ यूझर्सचं फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स कॉपी करा, सर्वांत महत्त्वाचं आधी. अख्खी डिस्क एकदम कॉपी करायला लावू नका, पाचशे फाइलींनंतर अडकली तर हवं ते मागेच राहतं. कॉपी करताना वेग घसरून केबीवर आला, मशीन अडखळायला लागलं, तर थांबा. तिथून पुढे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू लावून आधी डिस्कची नकल घ्यायची आणि मग नकलेतून फाइली काढायच्या. ते माझ्यासारख्याकडून करून घ्या. आणि टक्-टक् करणारी डिस्क असेल तर ती कुणीही गावात उघडू नये, धूळ नसलेल्या खोलीत उघडणाऱ्या लॅबकडेच ती जायला हवी. खर्च चांगलाच येतो, तेव्हा आत नेमकं काय अडकलंय ते कागदावर लिहून मग ठरवा.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन तुमच्याकडे असेलच. त्यातली की टोकनमध्येच असते, डिस्क गेल्यानं तिला काही होत नाही, आणि इमेजमधून ड्रायव्हरही आलेला असेल. विंडोजचं ॲक्टिव्हेशन मदरबोर्डशी बांधलेलं असेल तर डिस्क बदलल्यानं ते सुटत नाही. तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर बँकेच्या आणि सरकारी साइट उघडत नाहीत.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा हे मशीन असंच अनंत काळ चालवायचं नाही हे मान्य. तुमच्या वयाच्या बोर्डवर विंडोज ११ला लागणारा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बहुधा नसणार. पण ती चर्चा तुरीचा हंगाम संपल्यावर. आज बुडालेलं बाहेर काढणं आणि विंडोज बदलणं ही दोन कामं एकाच दिवशी केली की कुठली चूक कुठून आली ते कळत नाही.

मशीन नीट चालतंय असं वाटलं की त्याच संध्याकाळी ताजी इमेज घ्या. विंडोजचं हे इमेजचं साधन मायक्रोसॉफ्टनं २०१७मध्येच 'पुढे वाढवणार नाही' या यादीत टाकलंय. कंट्रोल पॅनेलमध्ये ते अजून 'विंडोज ७' अशा जुन्या नावानं लपलेलं सापडतं आणि कामही करतं. तरी आता दुसऱ्या सॉफ्टवेअरची एक इमेज सोबत घ्यावी असं मी सांगतो, त्याचा बूट पेनड्राइव्ह त्याच वेळी बनवून त्याच्यावरून एकदा मशीन उठवून बघा, बॅकअपची डिस्क त्याला दिसते का तेवढं पाहा आणि बंद करा. घेऊन झाली की बॅकअपची डिस्क काढून कपाटात. ती सीपीयूला कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस) आलं की दोन्ही जातात, आणि वळवाची वीज कडाडली तरी दोन्ही.

जुन्या डिस्कवर कागद चिकटवून तारीख लिहा आणि ऑडिट होईपर्यंत कुणाला देऊ नका. पण एसएसडी आणायला लातूरला निघण्याआधी सेल बदलून बघा आणि बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं की नाही तेवढं आजच कळवा. दिसलं, आणि तारीख मागची असेल, तर हे सगळं उत्तर तुम्हाला या वेळी लागणारही नाही.